मुराळी आणि आठ जणांची रांग

सुरतेला लोक साड्या घ्यायला जातात, नाहीतर पोटापाण्याला. आमच्या खानदेशात असं गाव सापडायचं नाही, जिथलं एखादं तरी घर सुरतेला नाही. मी या वैशाखात गेलो तो मात्र मुराळी म्हणून, आणि दोन रात्री राहून पाहून काय आलो, तर कॅल्शियमचे आठ कण. त्यातलेही दिसले सातच. शाळेत आणि पारावर सगळे विचारतात, सर, काय पाहिलं सुरतेत? तोंडी सांगायला गेलो तर लोक माझ्याकडे काळजीने बघतात, म्हणून लिहून काढतो आहे.

मुराळी म्हणजे सासरी गेलेल्या मुलीला सणाला माहेरी घेऊन येणारा माणूस. आमच्याकडे तो सण आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. लेकी येतात, झोके बांधतात, आंब्याचा रस आणि सांजोऱ्या होतात, आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरून पूजतात. माझी धाकटी बहीण वैशाली हिचं लग्न झालेलं नाही, तेव्हा मुराळी जायचं खरं तर काही कारण नाही. ती सुरतेत एका संशोधन संस्थेत पदार्थविज्ञानाचं काम करते. पण आई म्हणते, "तिनं सासर म्हंजे ते मशीन."

पाच आखाज्या झाल्या, वैशू आली नाही. याला कारण मी आहे, हे आधीच सांगून टाकतो. आप्पा, म्हणजे आमचे वडील, गेले त्या दिवशी तिला दुपारभर फोन लागला नाही. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं, लोक अंगणात बसले होते, आणि मी त्या भरल्या अंगणात तिला विचारलं, "मशीन नीट बंद करून आलीस ना?" ती आईजवळ जाऊन बसली. तेरा दिवस राहिली, सगळं केलं आणि गेली. तेव्हापासून दर रविवारी आईला फोन येतो. माझ्याशी बोलणं म्हणजे "बरा आहेस?" आणि "बरी आहे."

आई मात्र दर आखाजीला आप्पांच्या घागरीशेजारी वैशूचं ताट वाढून ठेवते. संध्याकाळी ते म्हशीपुढे जातं. मला दरवर्षी राग यायचा आणि दरवर्षी मी बोलायचो. यंदा आईने ऐकून घेतलं नाही. म्हणाली, पत्र नको, फोन नको, तू स्वतः जा आणि तिला घेऊन ये.

नवापूरच्या पुढे

आईने बांधून दिलेल्या सामानात सांजोऱ्यांचा डबा होता, एक डांगर होतं (पुण्याकडे त्याला खरबूज म्हणतात) आणि एक जाडजूड तपकिरी स्वेटर होता. वैशू जगातल्या सगळ्यांत थंड वस्तूवर काम करते, एवढं आईला फोनवरून कळलेलं होतं. मी विज्ञानाचा शिक्षक असूनही तिला अडवलं नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नव्हतं. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात मांडीवर स्वेटर घेऊन बसलेला माणूस रेल्वेच्या डब्यात चांगलाच उठून दिसतो.

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. लहानपणी गाडी थांबली की वैशू आणि मी उतरून सीमेच्या अल्याड एक आणि पल्याड एक असे उभे राहायचो, आणि आप्पा खिडकीतून ओरडायचे. या वेळीही मी उतरलो. पल्याड कोणी नव्हतं. समोरच्या बाकावरच्या शिंदखेड्याच्या आजीबाईंनी तेवढ्यात माझी सगळी चौकशी पूर्ण केली होती. बहिणीला आणायला चाललोय म्हटल्यावर त्यांनी किती वर्षांनी असं विचारलं. मी पाच म्हणालो. त्यांनी स्वेटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुराळी रिकामा परत आला तर गावात काय शोभा होते, याच्या दोन गोष्टी सविस्तर ऐकवल्या.

पांडेसरा

सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरून मी थेट वैशूकडे गेलो नाही. धीर झाला नाही. आधी पांडेसऱ्याला गेलो, जिथे आमचं लहानपण गेलं. आमची खोली होती तिथे आता तीन मजले चढले आहेत, पण कारखान्यांची वाफ आणि ओल्या कापडाचा वास तोच आहे. कोपऱ्यावर भिका नानांची खानावळ सापडली. नाना आप्पांबरोबर वार्पिंगच्या खात्यात होते. म्हणजे विणण्याआधी हजारो दोरे शेजारी शेजारी लावून एका मोठ्या रुळावर गुंडाळायचं काम. पासष्टी उलटली तरी नाना शेवभाजी स्वतः फोडणीला घालतात. मला बघून "बेसो, बेसो" म्हणाले. सुरतेत चाळीस वर्षं काढली की माणूस "बस" म्हणत नाही.

कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा. आमच्या गावात अशी शेवभाजी मिळत नाही, हे लिहिताना लाज वाटते, पण मिळत नाही. जेवताना आप्पांचा विषय निघाला. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की पॉलिस्टरच्या दोऱ्यांमध्ये करंट भरायचा, आणि दोरे एकमेकांपासून फुगून लांब व्हायचे, तुटायचे. मग आप्पा जमिनीवर पाणी शिंपडायचे. आम्ही दोघं डबा द्यायला गेलो की ते आम्हाला दोऱ्यांजवळ हात नेऊन अंगावरची लव उभी राहते ते दाखवायचे आणि म्हणायचे, "दोरा एकमेकले खपतस नही, पन फनीमा सगळा सरळ चालतस." फणी म्हणजे तो लोखंडी कंगवा, ज्याच्या दातांमधून एकेक दोरा जातो. मी ते ऐकून विज्ञानाचा मास्तर झालो. वैशू ते ऐकून कुठल्या कुठे गेली.

नानांना मी वैशूला न्यायला आलोय म्हटलं. ते हात धूत होते. म्हणाले, "दरसाल आखाजीले येस ती आठे. तुना बापना नावनी घागर तीच भरस."

आठे म्हणजे इथे. या खानावळीत, या मोरीशेजारी. पाच वर्षं ती सकाळी येते, नवी घागर आणते, भरते, वर डांगर ठेवते, नानांच्या घरची सांजोरी खाते आणि कामावर जाते. मला हे माहीत नव्हतं. मी घरी बसून, तिला बापाची आठवण नाही असं पाच वर्षं धरून चाललो होतो. भाकरी पुढे गेली नाही. नानांना वाटलं ठेचा लागला.

चपला बाहेर

त्या रात्री वैशूच्या खोलीवर गेलो. तिने दार उघडलं, "बरा आहेस?" विचारलं, मी "बरा आहे" म्हणालो. स्वेटर पाहून मात्र ती हसली, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिचं हसू ऐकल्यामुळे मी आणलेलं सगळं बोलणं विसरलो. आखाजी परवावर होती. ती म्हणाली, आधी उद्या प्रयोगशाळेत चल, मग बोलू.

सकाळी नाश्त्याला तिने लोचो खाऊ घातला. हा सुरतेचा खास प्रकार. डाळीचं पीठ वाफवतात, पण वडी पडेल इतकं घट्ट होऊ देत नाहीत, वर तेल, शेव आणि कांदा. आपल्याकडे पिठलं असं झालं तर सुनेला बोलणी बसतात, इथे लोक रांगा लावून घेतात. मी दोनदा घेतला.

प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढायच्या. आत निळ्या सपाता, डोक्याला टोपी, मोठ्याने बोलायचं नाही. खिडक्या नाहीत, उजेड मंद आणि कुठेतरी पंप एकसुरी घुमत असतो. मधोमध एक भलं मोठं लोखंडी टेबल, त्यावर शेकडो बारीक आरसे आणि त्यांच्या मध्ये डब्याएवढं, काचेच्या खिडक्या असलेलं पोलादी भांडं. वैशूची जोडीदार किंजल, मूळ सुरतीच, पडद्यांसमोर बसली होती. दोन आठवडे त्या दोघी पाळीपाळीने या भांड्याजवळ बसून होत्या, कारण आत धरून ठेवलेले तेच ते आठ कण सोमवारपर्यंत टिकले तरच मोजमाप पूर्ण होणार होतं. वैशू मला हे सांगून लेसरपासून डोळे वाचवायचा चष्मा आणायला वळली.

आता माझं काय झालं ते सांगतो. चपला बाहेर, डोकं झाकलेलं, मंद उजेड, आणि समोर जे आहे त्यासाठी माझ्या बहिणीने घरदार सोडलेलं. आमच्या घरात दसऱ्याला वार्पिंगच्या मशीनपुढे डोकं टेकवायची पद्धत होती. आप्पांनी आम्हाला तसंच वाढवलं. मी हात जोडले आणि त्या टेबलावर कपाळ टेकवलं.

ते टेबल हवेच्या पायांवर तरंगत असतं, खोलीचा बारीकसा धक्काही लागू नये म्हणून. माझ्या कपाळाने ते डुललं. किंजल म्हणाली, "दीदी, लॉक गयुं." लेसरचा ठरवलेला रंग सुटला होता. पडद्यावर मघाशी काहीतरी ओळीने चमकत होतं ते विस्कटलं, धुरकट डाग झाला आणि मग तोही दिसेनासा झाला. दोन आठवड्यांचं काम होतं ते. एकदा अंगणात तिला बोललो होतो, आणि आता हे. मला जमिनीत जावंसं वाटलं.

वैशू ओरडली नाही. खुर्ची ओढून बसली, मलाही शेजारी बसवलं आणि एक बटण फिरवत राहिली. कण अजून आत असतील तर परत येतील, म्हणाली. त्यांना अडवणाऱ्या भिंती तारेच्या नाहीत, विजेच्या आहेत. चार दांड्यांमधली वीज सतत उलटसुलट होते आणि कणांना मध्यभागी रेटत राहते. कणांवर सगळ्यांवर सारखाच प्रभार, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. हे मी वीस वर्षं सातवीच्या फळ्यावर लिहितो आहे, सजातीय प्रभार एकमेकांना लोटतात, आणि खाली रेघ मारून पुढच्या धड्यावर जातो. पुढे काय होतं हे मला कोणी विचारलं नाही. पुढे हे होतं की ते लेसरने थंड करतात. कण प्रकाशाकडे धावला की प्रकाश त्याला मागे रेटतो, असं कोट्यवधी वेळा, आणि धावणारा कण हळूहळू शांत होतो. भांडं थंड नसतं, हात लावला तर खोलीइतकंच. फक्त ते आठ कण थंड होतात, इतके की त्याहून थंड व्हायला जवळजवळ काही उरत नाही. गरम असतात तोवर नुसती धावपळ. थंड झाले की ज्याला जिथे विजेचं आत रेटणं आणि शेजाऱ्याचं लोटणं सारखं भरतं, तिथे तो थांबतो. कोणी कोणाला चिकटत नाही, आणि कोणी रांग सोडूनही जात नाही. त्यालाच ते लोक स्फटिक म्हणतात.

पडदा काळाच होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो, एकमेकांकडे नाही, म्हणून मला बोलता आलं. म्हणालो, "मी चुकनू, वैशू. त्या दिन तसं बोलाले नको व्हतं."

ती बटण फिरवत राहिली. मग तिने सांगितलं. त्या दिवशी या भांड्यात पहिल्यांदा तीन कण ओळीत उभे राहिले होते. तीन वर्षं त्याच्या मागे होती ती. फोन बाहेरच्या कपाटात असतो, आत आणत नाहीत. कण उभे राहिले तशी ती धावत बाहेर आली. "पहिला फोन आप्पालेच करनार व्हतू," ती म्हणाली. कपाट उघडून फोन हातात घेतला तर त्यावर माझे चौदा फोन येऊन गेलेले.

आप्पांना आवडलं असतं ते. दोरे एकमेकांना खपत नाहीत पण सरळ चालतात, हे त्यांना पुन्हा दिसलं असतं, आणि त्यांनी चारचौघांत सांगून जीव नकोसा केला असता. हे सगळं तिने पाच वर्षं एकटीने धरून ठेवलं, आणि मी विचारलं काय, तर मशीन बंद केलंस का.

तेवढ्यात किंजल पुढे वाकली. पडद्यावर धुकं आलं. धुकं आवळत गेलं, थरथरलं आणि एकदम, कोणीतरी रांगेत उभं राहा म्हटल्यासारखे, ठिपके उभे राहिले. लहान, गोल, स्वच्छ. दोन ठिपक्यांमधलं अंतर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी असतं म्हणे, पण पडद्यावर बोटभर दिसत होतं. किंजलने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. मी मोजले. सात.

एक गेला माझ्यामुळे, असं म्हणून मी उठायलाच लागलो. वैशूने मला खाली बसवलं आणि रांगेतल्या पाचव्या जागेवर बोट ठेवलं. तिथे काळोख होता, पण दोन्ही बाजूंचे ठिपके एकमेकांकडे सरकले नव्हते. बरोबर एका माणसाची जागा सोडून उभे होते. तो आठवा कण, तिने सांगितलं, गेल्या आठवड्यात भांड्यात उरलेल्या वायूच्या एका रेणूवर आपटला आणि बदलला. आता हा लेसर त्याला उजळवू शकत नाही. पण त्याचा प्रभार आहे तसाच आहे. म्हणून शेजारी त्याची जागा सोडतात, आणि प्रकाश त्याला लागत नसला तरी शेजाऱ्यांमुळे तोही थंड राहतो. मघाशी तो तिसऱ्या जागी होता, धक्क्यात पाचव्या जागी आला, एवढंच.

"तो शे, दादा," ती म्हणाली. "दिसत नही, इतलंच."

तो आहे, मी त्या पाचव्या जागेकडे बघत मनाशी म्हणालो. मग टोपी काढून डोळे पुसले, आणि किंजलने टोपी घाला म्हणून खूण केली.

उधना

मी विचारलंच, येतेस का? किंजल म्हणाली, दीदी, तुमची पाळी मी करीन. वैशूने पडद्याकडे पाहिलं. माझी आशा तेवढ्यात गावापर्यंत जाऊन आली. पण ती नाही म्हणाली. सोमवारपर्यंत कणांना सोडून जाववत नव्हतं, आणि दुसरं कारण तिने सरळ सांगितलं, मला अजून त्या अंगणात उभं राहता येणार नाही. मी समजू शकलो असं लिहिणं खोटं होईल. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात मी तिला आग्रह केला नाही, हेच काय ते माझं शहाणपण.

दुसऱ्या दिवशी आखाजी. पहाटे आम्ही दोघं नानांकडे गेलो. तिने मोरीशेजारची जागा पुसली, घागर ठेवली, मी पाणी ओतलं. गावाहून आणलेलं डांगर वर ठेवलं. नानांनी आप्पांचं नाव घेतलं. एवढंच. मग ती मला गाडीवर सोडायला आली. तिने सुरतेच्या बाजारातली केशर आंब्यांची पेटी आणली होती, आप्पांच्या रसासाठी. आईला दाखवायला म्हणून तिने त्या उकाड्यात, फलाटावर, तो तपकिरी स्वेटर घातला आणि मला फोटो काढायला लावला. आजूबाजूचे लोक बघत होते. गाडी हलल्यावर खिडकीशी चालत ती म्हणाली, "पुढना साल बी तूच येजो मुराळी."

नवापूरला मी उतरलो नाही. पेटी मांडीवर धरून बसलो आणि आंब्यांचा वास घेत राहिलो. माझ्या शेजारची जागा पूर्ण प्रवासभर रिकामी होती, गाडीला तोबा गर्दी असूनही. कोणी विचारलं की मी नकळत सांगत होतो, माणूस आहे.

घरी

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. आई जेवायची थांबली होती. ओट्यावर होती, रस्त्याकडे तोंड करून. तिने माझ्यामागे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं आणि आत गेली.

मी आंबे धुतले, रस काढला. आप्पांच्या घागरीपुढे वाटी ठेवली. मग माझं मी, कोणी न सांगता, मांडणीवरून एक ताट काढलं, पाट मांडला, आणि वैशूचं ताट वाढलं. रस, सांजोरी, भात, कुरडई. आई दाराच्या चौकटीला धरून बघत होती. पाच वर्षं या ताटावरून तिच्याशी भांडणारा मुलगा ते ताट वाढत होता.

तिला स्वेटरचा फोटो दाखवला. घागरीचंही सांगितलं, नानांकडे मोरीशेजारी वैशू भरते ते. तिला ते माहीत होतं. दर रविवारच्या फोनमुळे तिला सगळं माहीत होतं, फक्त मला सांगण्यात अर्थ नाही असं तिचं मत होतं. शेवटी मी ताटाकडे बोट करून म्हणालो, "माय, ती शे. दिसत नही, इतलंच."

आईने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "इतलं समजाले तुले सुरतले जानं पडनं का रे?"

आणि वैशूच्या ताटावर माशी बसू नये म्हणून पदराने वारा घालत बसली.